अंजनगाव, लोड सांगा

राजापेठेतल्या मागच्या गल्लीत, शिकवणी क्लासच्या पाट्यांनी अर्धीअधिक झाकलेल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर गजेंद्रराव महल्ले राहतात. खाली सकाळी सातपासून पोरापोरींच्या गाड्यांची गर्दी उसळते आणि कोणाचाही हॉर्न दुसऱ्यापेक्षा कमी नसतो. वर मात्र दोन खोल्या, एक माणूस आणि एक लॅपटॉप. माणूस साठीचा, लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा. दोघांच्याही बॅटऱ्या आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत, असं गजेंद्रराव स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात, कारण घरात हसायला दुसरं कोणी नाही.

सव्वीस वर्षं ते अंजनगाव सुर्जीच्या विजेच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते. लोकांना वाटतं, विजेचा माणूस म्हणजे खांबावर चढणारा. ऑपरेटर खांबावर चढत नाही, तो खुर्चीवर बसतो. समोर भिंतभर मीटर, टेबलावर लॉगशीट, हाताशी फोन. घड्याळाचा मोठा काटा बारावर आला की सगळे आकडे लॉगशीटवर उतरवायचे आणि लाईनच्या दुसऱ्या टोकाच्या सबस्टेशनाला फोन लावून तिकडचा लोड, म्हणजे किती वीज वाहते आहे तो आकडा, विचारायचा. दर तासाला, न चुकता, दिवाळी असो की घरी मयत असो. अंजनगावच्या लाईनचं दुसरं टोक अकोल्याच्या वेशीवर होतं आणि तिथल्या खुर्चीवर पुंजाराम निमकर्डे बसायचा.

ऑपरेटर लोक एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, स्टेशनच्या नावाने मारतात.

"अकोला, लोड सांगा."

"लिहा अंजनगाव, एकशे चाळीस."

"जेवला का?"

"हाव. मेथीची भाजी होती. तुमी?"

"बसतो आता."

एवढंच बोलणं. पण पाळ्या जुळल्या की दिवसातून आठ वेळा, आणि असं वर्षानुवर्षं. पुंजारामचा बाप फुलांचा मळा करायचा, बायको तिखट करायची, मोठा भाऊ बोलत नव्हता, नितेश नावाच्या पोराला गणित जमत नव्हतं, हे सगळं गजेंद्ररावांना मेथीच्या भाजीएवढ्या तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. भेट मात्र सव्वीस वर्षांत एकदाच झाली, नितेशच्या लग्नात. मांडवात दोघं शेजारी बसले आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. एक वाजला तसं दोघांनीही एकाच वेळी मनगटावर पाहिलं, आणि मग इतके हसले की वरमाय वळून बघायला लागली.

या नोकरीचे दोन नियम गजेंद्ररावांच्या अंगात मुरलेले आहेत. पहिला असा की, समोरच्या स्टेशनाने फोन उचलला नाही तर लॉगशीटवर 'नो रिप्लाय' लिहायचं, पाच मिनिटांनी पुन्हा लावायचा, आणि तरीही उत्तर नसेल तर तिकडे माणूस पाठवायची व्यवस्था करायची. दुसरा नियम चार्जचा, म्हणजे पाळीचा ताबा देण्याघेण्याचा. पाळी संपली म्हणून ऑपरेटर उठत नाही. पुढचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहतो, मग जाणारा लॉगशीटच्या तळाशी 'चार्ज दिला' म्हणून सही करतो, येणारा 'चार्ज घेतला' म्हणून सही करतो, मगच खुर्ची सुटते. रिलीव्हर आला नाही तर बसून राहायचं. एका पुराच्या वर्षी पुंजाराम असा सलग तीन पाळ्या बसला होता. चौथ्या पाळीला माणूस आला तेव्हा त्याने आधी सही मागितली आणि मग पाणी.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी दोनच्या ठोक्याला गजेंद्ररावांनी फोन लावला आणि तिकडून उत्तर आलं नाही. '१४.००, अकोला – नो रिप्लाय.' दोन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा तेच लिहिलं. मग त्यांनी कंट्रोल रूमला फोन केला, गेटवरच्या पहारेकऱ्याला आत पाठवायला लावलं. पुंजाराम खुर्चीतून अर्धा घसरलेला सापडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण जीव राहिला. अर्धा तास उशीर झाला असता तर तोही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. पुंजारामच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने होते.

त्याच्या वर्षभर आधी गजेंद्ररावांची बायको वारली होती. त्यांच्या बोलण्यात ती अजूनही 'प्रणालीची आई' असते. पुंजाराम पडला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचीही नोकरी संपली, अंजनगावची खोली सुटली आणि जिल्ह्याच्या गावी, राजापेठेतल्या या घरात ते कायमचे आले. एकुलती एक प्रणाली पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. ती रविवारी फोन करते. सोमवार ते शनिवार काय करायचं, हे मात्र पेन्शनच्या कोणत्याच कागदावर लिहिलेलं नसतं. पहिले दोन महिने ते दर तासाला उठून घरचं विजेचं मीटर बघून येत. शेजारच्या क्लासवाल्या सरांनी विचारलं, "काका, बिल जास्त आलं का?" तेव्हा लाजून त्यांनी ते बंद केलं. एकटं वाटतं, असं ते कोणाला म्हणाले नाहीत. प्रणालीला तर नाहीच.

मग एके दिवशी नितेशचा फोन आला. आई आता नाही, तो आणि त्याची बायको दोघंही कामाला जातात, सांभाळणाऱ्या बाई सकाळी आणि दुपारी येऊन जातात, मधल्या वेळात बाबा एकटे असतात. त्याने पलंगाच्या बाजूला स्टँडवर टॅब लावून दिला होता. "काका, तुमी व्हिडिओ कॉलवर दिसान तं बरं वाटन त्यायले."

असा तो सिलसिला सुरू झाला. कॉल सकाळी नऊला जोडायचा आणि संध्याकाळी सहापर्यंत तोडायचाच नाही. बोलणं कसलं? इकडे गजेंद्रराव पेपर वाचत, भाजी निवडत. तिकडे पुंजाराम उशीला टेकून बघत. पण तास भरला की गजेंद्रराव पडद्यासमोर येऊन बसत आणि म्हणत, "अकोला, लोड सांगा." पुंजाराम डाव्या हातातला चमचा स्टीलच्या पेल्यावर वाजवे. कधी चार ठोके, कधी सात. त्या आकड्याला काहीही अर्थ नव्हता. गजेंद्रराव तो जुन्या लॉगशीटच्या वहीत इमानदारीने लिहून घेत.

अडचण एकच होती. लॅपटॉप झोपायचा.

हा लॅपटॉप प्रणालीचा, इंजिनिअरिंगच्या काळातला. त्यात दोन सिस्टीम आहेत. सुरू करताना काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, विंडोज आणि लिनक्स, आणि हवं ते निवडायचं. लिनक्स प्रणालीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घातलं होतं. पुढे लॅपटॉप घरी राहिला तेव्हा वाटणी अशी झाली की विंडोज प्रणालीच्या आईचं आणि लिनक्स बाबांचं. म्हाताऱ्या यंत्राला लिनक्स हलकं जातं, कॉल अडकत नाही, म्हणून गजेंद्रराव तेच उघडत. पण ते भाजी फोडणीला टाकायला उठले की परत येईस्तोवर पडदा काळा आणि कॉल तुटलेला. तिकडे पुंजाराम बंद पडलेल्या चौकोनाकडे बघत चमचा वाजवत राही. बाई सांगत, "काका, तुमचा फोटो गेला की हे पेला फोडून टाकतेत जसे."

दुसरा कोणी असता तर वैतागला असता. गजेंद्रराव चक्क खूश झाले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या वाट्याला फॉल्ट आला होता.

त्यांनी वहीचं नवं पान घेतलं आणि नोंदी सुरू केल्या. लॅपटॉपला शेवटचं बोट कधी लागलं, तो झोपला कधी, तेव्हा वीज होती की नव्हती. एका दिवसात कळलं की बोट लागल्यापासून बरोबर पंधरा मिनिटांनी झोपतो. व्हिडिओ चालू आहे, माणूस दिसतो आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हात लागला नाही म्हणजे घरात कोणी नाही, असा त्याचा हिशेब. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी 'आपोआप सस्पेंड' बंद केलं आणि मिशीवर हात फिरवला.

तीन दिवस लॅपटॉप जागा राहिला आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा घोरायला लागला. वहीत पाहिलं तर त्या वेळी गल्लीतली वीज गेलेली. वायफायच्या डब्याला छोटी बॅटरी होती, त्यामुळे नेट चालू होतं, तरी लॅपटॉप मात्र झोपला. सेटिंगमध्ये खाली आणखी एक ओळ निघाली. चार्जर लावलेला असतानाचा नियम वेगळा आणि बॅटरीवरचा वेगळा! सव्वीस वर्षं विजेत काढलेल्या माणसाला हे आधी सुचू नये, याची त्यांना स्वतःचीच चीड आली. तीही ओळ त्यांनी बंद केली.

रविवारी प्रणालीला सगळं वाचून दाखवलं, तारीख-वेळेसह. ती हसायला लागली. "बाबा, माझ्या ऑफिसातही कोणी एवढं लिहीत नाही. थांबा, आपण त्याचं झोपणंच बंद करून टाकू. एक कमांड सांगते, टाईप करा."

"आधी लिहून घेतो. सांग."

फोनवरचा निरोप आधी लिहायचा, मग उलट वाचून दाखवायचा, मगच अंमल करायचा, ही खात्यातली शिस्त. त्यांनी कमांड देवनागरीत लिहून घेतली.

"सुडो," प्रणाली म्हणाली.

"सुडो."

"सिस्टीम-सीटीएल. सगळं जोडून, लहान अक्षरांत."

"सिस्टीम-सीटीएल, जोडून, लहान."

"मास्क. मग स्लीप डॉट टार्गेट, मग सस्पेंड डॉट टार्गेट."

"मास्क म्हंजे काय करून राहिला तो?"

"झोपायच्या बटणावर कुलूप. कोणीही सांगितलं तरी झोपणार नाही."

गजेंद्ररावांना ते लगेच पटलं. लाईनवर माणूस काम करत असला की स्विचवर लाल कार्ड लटकवतात, 'माणूस कामावर आहे, हात लावू नये'. ते कार्ड असेपर्यंत साहेबाचा बापही त्या स्विचला शिवत नाही. त्यांनी एकेक अक्षर बोटाने शोधत कमांड टाईप केली. पासवर्ड मागितला तेव्हा मात्र खोळंबा झाला. ते दाबत होते आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हतं.

"बटनं मेली वाट्टे याची."

"नाही हो बाबा, पासवर्ड दिसतच नाही तिथे. टाका आणि एंटर मारा."

न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवणं त्यांना जड गेलं, पण मारला एंटर, आणि कुलूप बसलं.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं. पुढची चूक मात्र फक्त सबस्टेशनचा माणूसच करू जाणे. चाचणी न घेतलेल्या यंत्रणेवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांच्या रक्तात. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम चार्जर उपटला आणि घड्याळ घेऊन समोर बसले. लॅपटॉप झोपला नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तीस मिनिटं, डोळे सताड उघडे. अडतिसाव्या मिनिटाला जुनी बॅटरी संपली आणि तो झोपला नाही, सरळ बेशुद्ध पडला. गजेंद्ररावांनी 'चाचणी समाधानकारक' असं लिहिलं, चार्जर लावला, बटण दाबलं आणि चहा ठेवायला गेले.

ती दोन नावांची यादी दहा सेकंदच थांबते. कोणी निवडलं नाही तर पहिल्या नावावर जाते, आणि पहिलं नाव होतं प्रणालीच्या आईचं. तिला ती यादी बघून घाबरायला व्हायचं, म्हणून प्रणालीने तसं करून दिलं होतं. चहा घेऊन आले तेव्हा पडद्यावर चिखलदऱ्याच्या सहलीतला फोटो होता. धुक्यात डोक्याला स्कार्फ बांधलेली ती, आणि बाजूला लोणच्यांच्या कृती, भजनांची रेकॉर्डिंगं, प्रणालीच्या लग्नाची यादी. तीन वर्षांत त्यांनी ती बाजू उघडली नव्हती. चहा निवेपर्यंत ते बघत राहिले. मग पुंजाराम वाट बघत असेल म्हणून तिथूनच कॉल जोडला. लाल कार्ड यंत्राला लावलंय, आता कोणत्याही दाराने आत गेलो तरी काय, असं त्यांना वाटलं. पिशवी घेतली आणि निवांत भाजीबाजारात गेले.

तिच्या बाजूला कार्ड नव्हतं. एकाच डब्यातल्या त्या दोन सिस्टीम शेजारी-शेजारी राहतात, पण एकीने ठरवलेलं दुसरीला कळत नाही. तिच्या बाजूचा लॅपटॉप दहा मिनिटांतच झोपला. बाजारात जुना सहकारी भेटला, बोलण्यात वेळ गेला, त्यात पेन्शनच्या कामासाठी बँकेतही चक्कर झाली. तीन तासांनी आले तर पडदा काळा. तिकडे पुंजारामने पेला खाली पाडला होता, मग चमचाही, आणि मग पलंगाच्या कडेवर हात आपटून आपटून बोटं सोलून घेतली होती.

"काका, नसन जमत तं सांगा नं," नितेश फोनवर म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण गजेंद्ररावांना थोबाडीत बसल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी प्रणालीने सगळं समजावलं. विंडोजची झोप वेगळी बंद करावी लागेल, दोन मिनिटांचं काम आहे म्हणाली.

"दहा मिनिटंच काहून ठेवली होती तिकडे?" गजेंद्ररावांनी विचारलं.

"आईनेच सांगितलं होतं तसं. उगाच वीज जळते म्हणायची. तुझ्या बाबांच्या खात्याला काय, आपलं मीटर आपल्याच भिंतीवर आहे."

गजेंद्ररावांनी वहीत 'दहा मिनिटं' असं लिहून घेतलं. मग म्हणाले, "राहू दे तिचं तसंच. यादीत माहं नाव वर कर." प्रणालीने पुण्यातून सांगत सांगत त्यांच्याकडून ते करून घेतलं. आता कोणी निवडलं नाही तरी लिनक्सच सुरू होई. चिखलदऱ्याचा फोटो खालच्या नावामागे गेला आणि तिची दहा मिनिटं तिच्याकडेच राहिली.

त्यानंतरचा महिना छान गेला, असं म्हणायला हवं. लॅपटॉप एकदाही झोपला नाही. वीज गेली, आली, वारा सुटला, क्लासवाल्यांनी वर्धापनदिनाला माईक लावला, तरी दर तासाला 'अकोला, लोड सांगा' आणि पेल्यावर ठोके. गजेंद्ररावांची पाठ पुन्हा सरळ झाली. ते नऊच्या आधी दाढी करायला लागले. खरं सांगायचं तर, पुंजारामला सोबत होते म्हणून ते हे करत नव्हते. त्यांनाच दिवसातून दहा वेळा कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

मग नितेशचा फोन आला. या वेळी तो चाचरत होता.

"काका, राग नोका मानू. बाबा दिवसा झोपूनच नाई राहिले. रातीही झोप कमीच हाय त्यायची. बीपी वाढून राहिलं. डॉक्टरनं सांगतलं, दुपारी दोन-तीन घंटे झोप पायजेच, नाई तं दुसरा झटका येऊ शकते. पन ते त्या टॅबले डोये लावून बसतेत. डुलकी आली तरी पेला हातातून सोडत नाईत. एक ते चार बंद ठेवता का तुमी?"

गजेंद्रराव म्हणाले, "ठेवतो नं." फोन ठेवला आणि त्यांना इतकं वाईट वाटलं की ताटात वाढलेलं तसंच झाकून ठेवलं. त्या यंत्राला जागं ठेवायला त्यांनी काय काय केलं होतं, आणि आता हा पोरगा म्हणतो, बंद ठेवा! लहान मुलासारखा रुसवा होता तो. पण दुसरा झटका हे शब्द काही डोक्यातून जाईनात.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांनी स्वतःच्या हाताने कॉल तोडला. चारला पुन्हा जोडला तेव्हा पुंजारामचे डोळे लाल होते. त्या दुपारी मुद्दाम थांबलेल्या बाई म्हणाल्या, टॅब बंद केल्यापासून एक मिनिट डोळा लागला नाही, काळ्या काचेकडे बघत नुसता पेला वाजवत होते, एक वाजता, दोन वाजता, तीन वाजता. त्यांच्यासमोर घड्याळ आहे का, गजेंद्ररावांनी विचारलं. आहे, समोरच्या भिंतीवर. तिसऱ्या दिवशी तेच झालं. चौथ्या दिवशी नितेश म्हणाला, "झोपेची गोयी द्यावी लागते आता."

गजेंद्रराव खुर्चीत बसून राहिले. फॉल्ट सापडत नसला की ते जुनी लॉगशीटं चाळतात, तशी चाळली. सवयीने नजर पानाच्या तळाशी जात होती, सह्यांवर. चार्ज दिला, चार्ज घेतला. चार्ज दिला, चार्ज घेतला. 

पुंजारामने चार्ज दिलाच नव्हता. त्या दिवशी त्याला खुर्चीवरून उचलून दवाखान्यात नेलं. तिथून घरी आणलं आणि पलंगावर ठेवलं, चार महिन्यांनी त्याची निवृत्तीही झाली, कागदावर. पण रिलीव्हर समोर येऊन उभा राहिला नव्हता, सही झाली नव्हती. ज्याने पुरात तीन पाळ्या बसून काढल्या, तो काय असाच उठणार होता? दोन वर्षं तो पाळीवर होता. आणि त्यांनी रोज नऊ वाजता 'अकोला, लोड सांगा' म्हणून त्याची खात्री पटवून दिली होती की हो, पाळी सुरू आहे.

ते नितेशला म्हणाले, "मी उद्या येतो. चार्ज फोनवर घेता येत नाई." नितेशला काहीच कळलं नाही, पण तो हाव म्हणाला.

सकाळी नऊला त्यांनी नेहमीप्रमाणे कॉल जोडला, लोड विचारला, सहा ठोके लिहून घेतले. जातो असं काही बोलले नाहीत. लॅपटॉप तसाच जागा ठेवला, म्हणजे प्रवासाच्या वेळात पुंजारामला काळी काच दिसू नये. तो समजेल, अंजनगाव बाजारात गेलं असेल. वही पिशवीत घातली, दोन पेनं घेतली, एक चाललं नाही तर असावं म्हणून, आणि एसटीत बसले. मूर्तिजापूरच्या पुढे डुलकी आली तरी पिशवी मांडीवरून सोडली नाही. नव्वद किलोमीटर. सव्वीस वर्षांत अकोल्याचं अंतर त्यांनी अंजनगावहून फोनच्या वायरने किती हजार वेळा कापलं असेल, आणि स्वतः एकदाच.

नितेशने दार उघडलं, चहा दिला आणि परत कामावर गेला. बाई जेवण भरवून निघत होत्या. पुंजाराम उशीला टेकून टॅबकडे बघत होता. गजेंद्रराव आत आले तेव्हा त्याने मान वळवून पाहिलं, मग टॅबकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. अंजनगाव टॅबमध्ये नव्हतं. अंजनगाव दारात उभं होतं. डोळे भरून आले त्याचे. गजेंद्ररावांचेही आले, पण त्यांनी ते मागे सारले, कारण आधी काम.

ते पलंगासमोर सरळ उभे राहिले. वहीचं नवं पान उघडलं, तारीख घातली, रकाने आखलेलेच होते.

"अकोला, मी रिलीव्हर हाय. चार्ज घ्यायले आलो."

पुंजाराम त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.  मग त्याने चमचा खाली ठेवला आणि डावा हात पुढे केला. गजेंद्ररावांनी वही धरली, पेन बोटांत बसवून दिलं. 'चार्ज दिला'च्या पुढे एक वेडीवाकडी रेघ उमटली, खाली घसरत पुढच्या ओळीत गेली. पुंजारामने पेन सोडलं नाही. त्याने बोटाने दुसऱ्या रकान्यावर टिचकी मारली. पुरातली सवय, आधी सही मग पाणी. गजेंद्ररावांनी दुसऱ्या पेनने 'चार्ज घेतला'च्या पुढे आपली सही केली, खाली वेळ टाकली, १३.१०.

"मी हाय आता," ते म्हणाले. "तुमी घरी जा."

पुंजाराम रडला. मग त्याचा चेहरा सैल पडत गेला, डोळे मिटले, आणि पाच मिनिटांत तो घोरायला लागला. गजेंद्ररावांनी पेला आणि चमचा अलगद उचलून खाली ठेवला. आता तास भरला तरी तो वाजायचा नव्हता. आज नाही, उद्याही नाही. हे आपणच आपल्या हाताने केलं, हे त्यांना कळत होतं.

मग पहिल्यांदाच ते पुंजारामच्या बाजूने, त्याच्या पलंगाजवळच्या खुर्चीवर टेकून, टॅबकडे बघत बसले.

टॅबमध्ये त्यांचं घर दिसत होतं. रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेला टॉवेल. मागे भिंत, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. ते बदलायचं राहून गेलं होतं. टेबलावर सकाळचा चहाचा कप, धुतलेला नाही. पंखा चालू राहिला होता आणि त्याने पेपरचं एक पान उलटत होतं, परत पडत होतं. खालच्या क्लासमधली पोरं सुटल्याचा गलका लांबून ऐकू येत होता. पडदा एकदाही मिटला नाही. सगळ्या सेटिंग्ज बरोबर होत्या. लॅपटॉप त्या घरात डोळे उघडे ठेवून बसला होता आणि त्याच्यासमोर कोणीही येत नव्हतं.  पुंजाराम दोन महिने हेच बघत होता तर.

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावर आला. दोन वाजले. गजेंद्ररावांनी वही उघडली. चार्ज त्यांच्याकडे होता, अकोल्याचा.

"अंजनगाव, लोड सांगा," ते हळूच म्हणाले, पुंजारामची झोप मोडू नये अशा आवाजात.

पेपरचं पान उलटलं, परत पडलं. त्यांनी लिहिलं, '१४.००, अंजनगाव – नो रिप्लाय.'

पाच मिनिटं ते थांबले. मग पुन्हा विचारलं, आणि पुन्हा तेच लिहिलं. नियमाप्रमाणे आता तिकडे कोणीतरी माणूस पाठवायचा असतो.